बातमीतले बासष्ट टक्के

गावात आरोग्याची साधनं कोणती, असं विचारलं तर आपण उपकेंद्र, रुग्णवाहिका, आशाताई अशी नावं घेतो. मी त्यात आरोग्य-संशोधनाची बातमीही धरतो. कारण काय मागायचं, कुणाकडे मागायचं, हे माणसाला बहुतेक वेळा बातमीतूनच कळतं. पुस्तकाची, नाटकाची समीक्षा आपल्याकडे होते, या बातमीची होत नाही. आज एकच उदाहरण घेऊन ती करू या.

उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्या चमूचा घरोघरच्या नवजात बालसेवेवरचा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आपल्यापर्यंत तो कसा पोचला? 'गडचिरोलीत बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले', अशा धाटणीच्या एका वाक्यात. अजूनही भाषणांत हेच वाक्य येतं. आता ते वाक्य उलगडून बघू.

पहिला शब्द 'बालमृत्यू'. निबंध मुख्यतः नवजात मृत्यूंबद्दल आहे, म्हणजे जन्मापासून पहिल्या २८ दिवसांतल्या. चार वर्षांचं मूल न्यूमोनियाने जातं आणि चार दिवसांचं बाळ जंतुसंसर्गाने जातं, या दोन्हींना उपाय वेगवेगळे लागतात. मथळ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरले.

दुसरं, '६२ टक्के'. इथे एक गंमत आहे. सुरुवातीला या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. म्हणजे ६२ हा आकडा दोनदा येतो, एकदा दर हजारी आणि एकदा टक्क्यांत, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. तिसऱ्या वर्षी हा दर २५.५ वर आला. आकडेमोड करा. ही घट सुमारे ५९ टक्के भरते. मग ६२ कुठून आले?

त्यासाठी बातमीतून गळालेली गावं परत आणावी लागतात. सेवा दिली ३९ गावांत, पण मोजणी आणखी ४७ गावांतही चालू होती. या ४७ गावांत ही सेवा नव्हती. तिथला दर साधारण ५८ होता, तो ६० च्या आसपास गेला. इकडे ५९ टक्क्यांनी कमी, तिकडे ३ टक्क्यांनी जास्त. या दोन्हींतला फरक म्हणजे ६२ टक्के. ती ४७ गावं नसती, तर कुणीही म्हणालं असतं, 'अहो, काळच बदलला, मृत्यू सगळीकडेच कमी झाले असतील!' त्या शंकेला उत्तर या गावांनी दिलं, आणि नेमकी तीच बातमीत नाहीत.

निबंधाची मर्यादाही सांगायला हवी. कुठल्या गावाला सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. त्यामुळे दोन्हीकडच्या गावांत मुळातच काही फरक असू शकतो. हे सांगितलं तर संशोधन छोटं होत नाही, वाचक मोठा होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. बातमीत 'चमत्कार' असतो, डॉक्टरांचा फोटो असतो, पण काम कसं चाललं ते नसतं. गावातलीच एक शिकवून तयार केलेली बाई, तिला आरोग्यदूत म्हणत. ती बाळंतपणाला हजर राही, नंतर वारंवार घरी जाई, बाळाचं वजन करी, ऊब देई, अंगावर पाजायला मदत करी, संसर्गाची लक्षणं ओळखी. आणि आईवडील बाळाला दवाखान्यात नेत नसतील तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही देई. तिच्या कामाची नियमित तपासणी होई.

म्हणजे नुसत्या भेटींचा हा परिणाम नव्हता. भेटी, प्रशिक्षण, इंजेक्शन आणि देखरेख या सगळ्याचा मिळून होता.

आता यात आपलं काय अडलं? २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत घरोघरी नवजात सेवा सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मानधन ठरलं २५० रुपये. चांगलंच झालं. पण इंजेक्शन आशाताईंच्या हाती दिलं नाही. आजारी बाळाला त्यांनी पुढे पाठवायचं. २०१४ मध्ये एएनएम सिस्टरना ते देण्याची मुभा मिळाली.

या निर्णयाच्या बाजूनेही कारणं आहेत. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि इंजेक्शनची जबाबदारी मोठी असते. पण मग ६२ टक्क्यांचा आकडा या योजनेला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पाठवायचं, तर रात्री दोन वाजता गाडी आहे का? उपकेंद्रात औषध आहे का? हे प्रश्न योजनेच्या पोटातले आहेत. ज्याने फक्त मथळा वाचला, त्याला ते सुचणारच नाहीत. सहा भेटींचे रकाने भरले, की काम झालं असं त्याला वाटेल.

म्हणून पुढची बातमी वाचताना चार गोष्टी विचारा. किती पैकी किती? कुणाशी तुलना केली? प्रत्यक्ष काम कुणी, कोणत्या साधनांनी केलं? आणि त्यातलं किती माझ्या गावापर्यंत पोचलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पत्रकाराने द्यायची. तिसऱ्याचं देताना त्या आरोग्यदूत बाईला मथळ्यात नाही तरी मजकुरात जागा द्यायची. चौथा प्रश्न मात्र आपल्यालाच ग्रामसभेत उभं राहून विचारावा लागेल, तोही आशाताईंना जाब म्हणून नव्हे, त्यांच्या बाजूने.

आता तुमचे प्रश्न घेऊ.