‘ख्रिस्तपुराणा’तील अतृप्त श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा विषय निघाला की मराठी रसिक त्यातील भाषास्तुतीच्या ओव्या आठवतात आणि तेथेच थांबतात. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाशी आपला परिचय एवढ्यावरच संपावा, हे निदान ख्रिस्ती कुटुंबांना शोभणारे नाही. श्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जावी, हा प्रश्नही या ग्रंथाच्या मुळाशी आहे.

ग्रंथाच्या आरंभीच तो प्रश्न येतो. सासष्टीत धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे आपली अडचण मांडतो. धर्माची शिकवण त्याला मान्य आहे. परंतु जुनी पुराणे वर्ज्य झाल्यावर त्यांच्या जागी नवे पुराण का नसावे, असे तो विचारतो. त्याच्या श्रद्धेला कथेची भूक लागली आहे. ती ओळखून गुरू त्याला उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची संपूर्ण कथा त्याच्याच परिचयाच्या ओवीत ऐकवतात.

प्रश्नोत्तरीचे महत्त्व स्टीफन्स जाणून होते. त्यांची कोंकणीतील प्रश्नोत्तरी त्यांच्या निधनानंतर, १६२२ साली, राशोल येथे छापली गेली. पुराण मात्र १६१६ सालीच प्रसिद्ध झाले होते. एकाच लेखणीने दोन्ही लिहावीत, यातच त्यांची दृष्टी दिसते. प्रश्नोत्तरी श्रद्धेची मांडणी करते. कथा त्या श्रद्धेला घरात वावरायला जागा देते.

या ग्रंथाचे पुढील भवितव्यही बोलके आहे. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही पुराण उरले, ते हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. छापील प्रती नाहीशा झाल्या असताना श्रद्धावंतांच्या हातांनी ग्रंथ तारला.

ग्रंथ निर्दोष मात्र नाही. त्यातील अन्य धर्मांविषयीचा अवमानाचा सूर १९६५ सालच्या ‘नोस्त्रा एताते’ या परिषद-घोषणेनंतर आपल्याला स्वीकारता येणार नाही. तो मुलांच्या हाती देऊही नये. शिवाय येथे गुरूंपाशी प्रत्येक शंकेचे उत्तर तयार असते. आजच्या आईबापांपाशी ते नसते, आणि तसे प्रांजळपणे सांगण्यात कमीपणाही नाही.

म्हणूनच मला गुरूंपेक्षा तो श्रोता अधिक जवळचा वाटतो. आपण मुलांना रविवारच्या धर्मशिक्षणाला पाठवतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. त्या श्रोत्याने स्वतःची भूक मान्य केली, म्हणून पुढील पिढ्यांच्या पदरात पुराण पडले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरगुती चर्च’ म्हटले. त्या चर्चमध्ये पहिला श्रोता पालकच असला पाहिजे. येत्या उपवासकाळात रोझरीनंतर दुःखसहनाच्या ओव्या घरात मोठ्याने वाचाव्यात. जुने शब्द अडतील. मुले अर्थ विचारतील. तो शोधताना आपलीही श्रद्धा आपल्याला नव्याने सापडेल.