ओसाड शहराचे गाणे

पॉप संगीताचा विषय निघाला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. आम्हीही त्यांतलेच. तरीही १९८१ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘घोस्ट टाउन’ या गाण्याकडे आम्हांस पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते.

‘द स्पेशल्स’ हा कॉव्हेंट्रीतील गोऱ्या व काळ्या तरुणांचा वाद्यवृंद. १९४० च्या बॉम्बवर्षावात जळालेले आणि १९६२ साली भग्नावशेषांशेजारीच नव्याने अभिषिक्त झालेले कॅथीड्रल याच शहरातले. युद्धानंतर मोटारींच्या कारखान्यांनी शहर सावरले. पुढे तेच कारखाने आखडत गेले. १९८१ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या २५ लाखांवर पोहोचली. एप्रिलमध्ये लंडनचे ब्रिक्स्टन पेटले, जुलैत लिव्हरपूलचे टॉक्स्टेथ आणि मँचेस्टरचे मॉस साइड. त्याच जुलैत हे गाणे विक्रीत अग्रस्थानी होते.

गीतकार जेरी डॅमर्स हा अँग्लिकन धर्मगुरूचा मुलगा, जन्म आपल्या उटकमंडचा! पण त्याच्या गाण्यात प्रवचन नाही, आरडाओरडाही नाही. भोंग्यासारखा सूर, ऑर्गनची कुंद सुरावट, रेंगाळणारा जमैकन ठेका. बंद पडलेले नाचघर आणि काम नसलेली, आपसांत भिडणारी पोरे एवढाच ऐवज. मध्येच पूर्वीच्या सुखाची आठवण निघते, चाल क्षणभर हसरी होते आणि लगेच काळवंडते. या क्षणिक उजेडामुळेच अंधार खरा वाटतो. ट्राँबोन वाजवणारा रिको रॉड्रिग्ज वयाने या पोरांहून कितीतरी मोठा. किंग्स्टनमधील सिस्टर्स ऑफ मर्सींच्या आल्फा शाळेत तो वाद्य शिकला. त्याच्या फुंकेत या पोरांजवळ नसलेली जुनी, सोसलेली व्यथा आहे.

ऐकताना आम्हांस विलापगीत आठवले. पण तिथली उद्ध्वस्त नगरी देवाला हाक मारते; येथे हाक मारावी असे कोणी उरलेलेच नाही. आणखी एक उणीव खटकते. हे शहर केवळ संध्याकाळी भटकणाऱ्या तरुणांचे आहे. कारखान्यातून घरी बसवलेला बाप, चूल पेटती ठेवणारी आई यांचा त्यात मागमूस नाही.

ध्वनिमुद्रिकेच्या मागील बाजूस ‘व्हाय?’ नावाचे गाणे आहे. वाद्यवृंदातील लिनव्हल गोल्डिंग याच्यावर १९८० मध्ये लंडनमध्ये वर्णद्वेषातून हल्ला झाला. त्यानंतर त्याने ते लिहिले. मारणाऱ्यांना तो ‘का?’ असे विचारतो. लोकांनी पहिली बाजू डोक्यावर घेतली. आम्ही मात्र अलीकडे मुद्रिका उलटूनच ऐकतो.