घुमटाखालची रांग

मुंबईच्या जीपीओविषयी लिहिताना बहुतेक लेखक एका वाक्यात सुटका करून घेतात : विजापूरच्या गोल घुमटाची ही प्रतिकृती. मी वास्तुविशारद नाही. पण दोन्ही घुमटांखाली उभे राहिल्यावर हे वाक्य मला अपुरे वाटू लागले.

जीपीओचा आराखडा जॉन बेग यांचा. बांधकाम १९०४ मध्ये सुरू होऊन १९१३ मध्ये संपले. त्यात जॉर्ज विटेट यांचाही हात होता. भिंती काळ्या बेसाल्टच्या, त्यांना कुर्ल्याच्या पिवळ्या आणि ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची जोड. शेजारचे १८८८ मध्ये पूर्ण झालेले बोरीबंदर स्टेशन गॉथिक वळणाचे. बेगने मात्र आदिलशाहीकडे पाहिले. राज्य परके आणि कमानी एतद्देशीय, ही इंडो-सारसेनिक शैलीची चलाखी इथेही आहे. बाहेरून पाहताना ती विसरू नये.

आत गेल्यावर मात्र तुलना डळमळते. विजापूरचा घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तोललेला. त्याखाली मुहम्मद आदिलशाहाची कबर. मुंबईचा घुमट सुमारे ६५ फुटांचा, म्हणजे निम्म्याहूनही लहान. पण खरा फरक आकाराचा नाही. तिथे मध्यभागी एक सुलतान निजला आहे आणि कुजबूज भिंतींवरून परत येते. इथे मध्यभागी माणसे उभी राहतात आणि त्यांचा शब्द परगावी जातो. सुलतानाच्या डोक्यावरचे छत तिकिटे घ्यायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर आले, हे या इमारतीचे खरे कर्तृत्व. बेगच्या मनात ते होते की नव्हते, हा प्रश्न दुय्यम आहे. मनीऑर्डरींवर संसार चाललेल्या कोकणातल्या घरांनी आणि बाहेर कबुतरखान्यापाशी बसून दुसऱ्यांची पत्रे लिहिणाऱ्यांनी तो अर्थ या वास्तूला दिला.

म्हणून जतनाची चर्चा दगड, कमानी आणि घुमट यांपाशीच थांबते तेव्हा अस्वस्थ व्हायला होते. दगड धुतले जातील, गळती बुजेल. ते व्हायलाच हवे. पण वारसा खिडकीसमोरच्या रांगेतही आहे. त्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या आणि हा हॉल नुसता पाहण्यापुरता उरला, तर लेखकांचे ते सोयीचे वाक्य अखेर खरे ठरेल. जीपीओ गोल घुमटाची अस्सल प्रतिकृती होईल : सुंदर, भव्य आणि आत एक कबर.