जुलैचं लाल पाणी

साळवी स्टॉपचं जलशुद्धीकरण केंद्र शेजारी असेल तर ते पाहावं जुलैत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत जांभ्याची माती धुपून वाहते आणि शीळ धरणातून पंपाने वर चढवलेलं पाणी लालसर होतं. मेमध्ये या केंद्राला फारसं काही करून दाखवायचं नसतं.

जड गाळ आपोआप बसतो. कसोटी लागते ती अतिसूक्ष्म चिकणमातीची. तिच्या प्रत्येक कणावर ऋण भार असतो, कण एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसचे दिवस तरंगत राहतात. तुरटी हा भार मारते. ती मिसळताना पाणी आधी जोरात घुसळतात, मग इतकं सावकाश ढवळतात की पाती फिरतात की नाही अशी शंका यावी. हा लयबदल मला सर्वात सुंदर वाटतो. आधीचा जोर नसेल तर तुरटी सगळीकडे पोचणार नाही, नंतरचा संथपणा नसेल तर जुळलेले पुंजके फुटतील. मग फाटलेल्या दुधासारखे गोळे दिसू लागतात, खाली बसतात आणि वरचं निवळ पाणी काठाच्या खाचांतून एकसारखं ओघळतं.

उरलंसुरलं वाळू अडवते. वाळू तुंबली की बॅकवॉश: खालून उलटं पाणी सोडतात, आधी गढूळ लोंढा उसळतो, हळूहळू नितळ होतो. गाळण स्वतःलाही धुते, हे मला फार भावतं.

शेवटी क्लोरीन. त्याच्या वासाला आपल्याकडे नाकं मुरडतात, विहिरीच्या पाण्याची गोडी सांगतात. ती गोडी मलाही ठाऊक आहे. पण जांभा सच्छिद्र. विहीर त्यातच खोदलेली आणि घरामागचा सेप्टिक टँकही त्यातच मुरणारा. पावसात त्या दोघांमधलं अंतर किती उरतं? क्लोरीनला पाण्यात निदान अर्धा तास मिळावा लागतो आणि शेवटच्या नळापर्यंत लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरावा लागतो. क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टमध्ये थेंब टाकताच उमटणारी फिकट पिवळी छटा त्याचीच साक्ष. पावसाळ्यात माझ्या घरी प्यायला नळाचंच पाणी भरतात, वासासकट.