१७ टक्क्यांचं श्रेय नक्की कुणाचं?

‘चांगल्या एचआर पद्धतींमुळे उत्पादकता वाढते’ हे वाक्य प्रपोजलमध्ये आलं की संदर्भ बहुतेक ठरलेला असतो: ह्युसेलिड, १९९५. अमेरिकेतल्या जवळपास हजार कंपन्यांचा अभ्यास. पेपर मेहनतीचा आहे, पण प्रत्येक कंपनीतून उत्तर देणारा माणूस एकच, आणि पद्धतींची पाहणीही एकदाच. नफ्यात असलेल्या कंपनीला प्रशिक्षणावर खर्च परवडतो, मग कशामुळे काय झालं? राइट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच तपासलं. एचआर पद्धतींचा आधीच्या कामगिरीशीही तेवढाच संबंध निघाला, आणि ती कामगिरी हिशेबात धरल्यावर पुढच्या कामगिरीशी असलेला संबंध जवळजवळ विरला.

म्हणून मला तारापूर-उंबरगावच्या कापड गिरण्यांवरचा ब्लूम आणि सहकाऱ्यांचा पेपर (२०१३) जास्त पटतो. १७ कंपन्या, २८ कारखाने. कुणाला सल्ला मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. १४ कारखान्यांना पाच महिने फुकट सल्लागार मिळाले, तुलनेच्या ६ कारखान्यांना फक्त एका महिन्याची तपासणी. शिवाय प्रश्नावलीवर न थांबता उत्पादन, कापडातले दोष, सुताचा साठा यांचे आकडे वारंवार गोळा केले. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली.

आता गडबड इथे होते. हे १७ टक्के लोक सरळ एचआरच्या नावावर टाकतात. बदललेल्या पद्धती ३८ होत्या. मागांची देखभाल, दोषांची नोंद, साठा, ऑर्डरचं नियोजन, आणि त्यांत एचआर हा एक गट. पाच रसायनं एकदम टाकून उत्पादन वाढलं तर आपण श्रेय एकाच बाटलीला देतो का? लेखकही तसा दावा करत नाहीत.

एचआरवाल्यांसाठी खरा मुद्दा मला २०२० च्या पाठपुराव्यात दिसतो (तो फार कमी जण उघडतात). नऊ वर्षांनी निम्म्याच्या आसपास पद्धती सुटल्या होत्या. मुख्य कारणं दोन: व्यवस्थापक बदलले, आणि मालक-संचालकांना वेळ नव्हता. म्हणजे माणूस टिकला नाही की पद्धतही जाते. यावर पीएचडी होऊ शकते. मी असते तर ‘समाधान १ ते ५’ विचारत बसले नसते. व्यवस्थापक सोडून गेल्याच्या तारखा आणि त्याच्या आधी-नंतरच्या सहा-सहा महिन्यांच्या दोषांच्या नोंदी मागितल्या असत्या.