रोगप्रतिकारक गहू : एका विशेषणाची तपासणी

२००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने बारावीसाठी जीवशास्त्राचे जे पुस्तक काढले, त्यात अन्नोत्पादन वाढवण्याच्या उपायांवर एक स्वतंत्र प्रकरण होते. पुढे अभ्यासक्रमाला कात्री लागली तेव्हा ते गळले. पण पुस्तकातून मजकूर गळला म्हणजे तो वर्गातूनही जातोच असे नाही. शिकवणीच्या टिपणांतून आणि जुन्या प्रश्नसंचांतून या प्रकरणातील विधाने अजून हिंडत आहेत. त्यांतल्या गव्हाविषयीच्या मजकुराची तपासणी येथे करायची आहे.

प्रकरणात चांगले काय होते ते आधी सांगितले पाहिजे. नवी जात एका संकराने तयार होत नाही. वाणांचा संग्रह, आईबापांची निवड, संकर, संततीतून निवड आणि शेवटी निरनिराळ्या ठिकाणी काही हंगाम चाचणी, अशा पायऱ्या असतात, हे त्यात स्वच्छ मांडले होते. गव्हाचे उदाहरण देताना मात्र लेखक आपलीच मांडणी विसरले. त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की बोरलॉग यांनी मेक्सिकोत बुटका गहू तयार केला आणि १९६३ मध्ये सोनालिका, कल्याण सोना अशा अधिक उत्पादन देणाऱ्या व रोगप्रतिकारक जाती भारतभर आल्या.

१९६३ मध्ये प्रत्यक्षात काय झाले? त्या वर्षी बोरलॉग भारतात येऊन गेले आणि मेक्सिकोतून काही जातींचे थोडे थोडे बियाणे व निवड करण्याजोगी संकरित संतती येथे पोचली. १९६६ मध्ये जे १८,००० टन बियाणे आयात झाले ते मुख्यतः लेर्मा रोहो ६४ या लाल दाण्याच्या जातीचे. सोनालिका आणि कल्याण सोना या आपल्याकडच्या संशोधकांनी त्या संततीतून निवडलेल्या जाती. त्या १९६७च्या सुमारास शेतकऱ्यांपर्यंत गेल्या. चार वर्षांची ही चूक परीक्षेतल्या सनावळीपुरती असती तर मी तिच्याबद्दल लिहिले नसते. पण त्या चार वर्षांतच निवड आणि चाचणी, म्हणजे प्रकरणात वर्णन केलेल्या पायऱ्या, बसतात. त्या पुसल्या की जात म्हणजे विमानातून उतरलेली वस्तू ठरते.

मोठी अडचण पुढे आहे. 'अधिक उत्पादन देणारी' आणि 'रोगप्रतिकारक' ही दोन विशेषणे 'व'ने जोडून अशी ठेवली आहेत, की जणू दाण्याचा रंग आणि आकार सांगावा. ती एका जातीची विशेषणे नाहीत.

पहिल्याचे पाहू. जुना उंच गहू खत-पाणी भरपूर दिले की वाढतो, ओंब्या जड होतात आणि पीक लोळते. जपानमध्ये १९३५ साली आलेल्या नोरिन १० या बुटक्या गव्हात याचे उत्तर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे बियाणे अमेरिकेत गेले, तेथे ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचा संकर केला आणि त्यांच्याकडून ते बोरलॉग यांच्याकडे आले. त्यातील बुटकेपणाची जनुके खोडाची पेशीवाढ घडवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाला दाद देत नाहीत. काड आखूड राहते आणि वनस्पतीने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा दाण्यात जातो. ही जनुके आज साठ वर्षांनंतरही पहिल्या दिवसासारखीच काम करतात. त्यांच्याविरुद्ध कोणी उत्क्रांत होत नाही. गुरुत्वाकर्षण आपली रीत बदलत नाही.

तांबेरा बदलतो. आणि गंमत अशी, की हाच बुटका गहू तांबेऱ्यापुढे अगदी दुबळा होता. बोरलॉग यांचे त्याच्याशी केलेले पहिले संकर तांबेऱ्यानेच वाया गेले. पुढच्या प्रयत्नात ते साधले. म्हणजे ही दोन विशेषणे जोडीने जन्माला आलेली नाहीत. दुसरे बाहेरून आणून मुद्दाम बसवावे लागले.

याच प्रकरणात प्रतिकाराची जी व्याख्या आहे तिच्या आशयानुसार, रोगजंतूला रोग निर्माण करू न देण्याची वनस्पतीची क्षमता म्हणजे प्रतिकार, आणि ती वनस्पतीच्या जनुकीय घडणीवरून ठरते. वाक्य ऐकायला निर्दोष वाटते, पण ते अर्धेच आहे. त्यात रोगजंतूची जनुकीय घडण नाही.

हरितगृहातला एक नेहमीचा प्रयोग सांगतो. एकाच जातीची कोवळी रोपे दोन कुंड्यांत लावायची. एका कुंडीवर तांबेऱ्याच्या एका वंशाचे बीजाणू टाकायचे, दुसरीवर दुसऱ्या वंशाचे. सुमारे दोन आठवड्यांनी पहिल्या कुंडीत पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसतात. तेथे बुरशीभोवतीच्या पेशी स्वतःच मरून गेल्या आहेत आणि केवळ जिवंत पेशीवर जगणारी बुरशी उपाशी पडली आहे. दुसऱ्या कुंडीत पानांवर विटकरी पुटकुळ्या फुटतात. बोट फिरवले की पूड बोटाला लागते. आता ही जात रोगप्रतिकारक आहे की नाही? प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या वंशाला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हे ज्ञान नवे नाही. खोडावरचा काळा तांबेरा ही एकच बुरशी दिसत असली तरी तिच्यात अनेक वंश आहेत, हे मिनेसोटातील एल्विन स्टॅकमन यांनी हरितक्रांतीच्या कितीतरी आधी दाखवले होते. बोरलॉग त्यांचेच विद्यार्थी. पुढे १९४०च्या दशकात एच. एच. फ्लोर यांनी जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करून सांगितले, की यजमानातील प्रत्येक प्रतिकार-जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असते. आजच्या भाषेत, वनस्पतीचे एक प्रथिन बुरशीच्या एका प्रथिनाला ओळखते. बुरशीत ते बदलले किंवा नाहीसे झाले की ओळख पटत नाही आणि दार उघडते. एका पुटकुळीतून रोज हजारो बीजाणू उडतात. त्यांत असा एखादा बदल होण्यासाठी फार वाट पाहावी लागत नाही. आणि शेजारी मैलोनमैल एकच जात उभी असेल तर त्या बदललेल्या बीजाणूला मोकळे रानच मिळते.

कल्याण सोनाचे असेच झाले. ८१५६ या क्रमांकाच्या एकाच संकरातून मेक्सिकोत सिएते सेरोस, पाकिस्तानात मेक्सिपाक आणि भारतात कल्याण सोना ही नावे आली. नावे वेगळी, रक्त एक. १९७०च्या दशकात पानांवरचा तपकिरी आणि पिवळा असे दोन्ही तांबेरे कल्याण सोनावर पडू लागले. याच पार्श्वभूमीवर दिसायला सारख्या, पण प्रतिकार-जनुके वेगवेगळी असलेल्या ओळींचे मिश्रण बियाणे म्हणून देण्याचा प्रयोग आपल्याकडे झाला. विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी ही फार सुंदर कल्पना आहे. तिला प्रकरणात जागा मिळाली नाही.

महाराष्ट्राचा संबंध येथे सरळ येतो. मैदानी मुलखात उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू टिकत नाहीत. मग दर हिवाळ्यात रोग येतो कोठून? आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी वर्षानुवर्षे निरीक्षणे करून दाखवले, की तो डोंगरांतून येतो. दक्षिणेत निलगिरी आणि पलनीच्या थंड डोंगरांवर बुरशी तग धरते. तेथून नोव्हेंबरच्या सुमारास चक्रीवादळांच्या वाऱ्यांबरोबर बीजाणू उत्तरेकडे येतात आणि पावसाबरोबर द्वीपकल्पातल्या व मध्य भारतातल्या शेतांवर उतरतात, हा पुढचा दुवा १९७०च्या दशकात जोडला गेला. निफाडच्या शेतातील गव्हाचे आरोग्य तामिळनाडूतील डोंगरावर कोणता वंश जगला यावरही अवलंबून असते. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र का आहे, असे सहलीला गेलेली मुले विचारतात, त्याचे उत्तरही डोंगर आणि तांबेरा यांच्या याच नात्यात आहे. (गेरवा आणि तांबेरा ही एकाच रोगाची नावे, मुलांना दोन्ही माहीत असावीत.)

आता एक उलट उदाहरण, नाहीतर माझीही मांडणी एकांगी होईल. प्रत्येक प्रतिकार असा काही वर्षांत ढासळत नाही. एडगर मॅकफॅडन यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एमर नावाच्या जुन्या खपली गव्हातून साध्या गव्हात आणलेले एसआर २ हे जनुक आजही उपयोगी आहे. एलआर ३४ हे दुसरे. ही जनुके बुरशीला दारातच अडवत नाहीत. मोठ्या झालेल्या झाडावर तिची वाढ मंद करतात. पुटकुळ्या येतात, पण कमी आणि उशिरा. शेत पूर्ण हिरवेगार दिसत नसल्यामुळे पाहणाऱ्याला असा गहू रोगटच वाटतो, आणि 'प्रतिकारक की नाही' अशा दोनच खणांच्या तक्त्यात त्याला कोठे बसवावे हे कळत नाही. टिकाऊ प्रतिकार बहुधा असा अर्धामुर्धा दिसणारा असतो, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत शिकवण्याजोगे सूत्र वाटते.

प्रकरणात असा तक्ता होता. एका बाजूला जातीचे नाव, दुसऱ्या बाजूला ती कोणत्या रोगांना प्रतिकारक आहे ते. गव्हासाठी 'हिमगिरी', पुढे तांबेऱ्याचे प्रकार. मुले तो पाठ करतात. शिक्षकांनी फळ्यावर तो काढायचाच असेल तर आणखी दोन रकाने आखावेत: कोणत्या वंशाला, आणि कोणत्या वर्षापर्यंत. मग पीबीडब्ल्यू ३४३ भरून पाहावा. १९९५ मध्ये प्रसारित झालेली ही जात वायव्य भारतात अतोनात पसरली. तिच्यात राय या धान्यातून आलेला गुणसूत्राचा एक तुकडा आहे आणि त्यावर तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची जनुके शेजारी शेजारी आहेत. त्यांपैकी काळ्या तांबेऱ्याविरुद्धचे एसआर ३१ हे जनुक १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या, यूजी ९९ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वंशाने निकामी केले. त्याला दाद न देणारी बुरशी भारतात आढळल्याची नोंद नाही, म्हणून येथे ते अजून राखण करते. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचे त्याच तुकड्यावरचे जनुक भारतात १९९०च्या दशकातच हरले. या जातीत पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध आणखी एक जनुक होते, तेही हरले, आणि २००८ नंतर उत्तरेत ती पिवळी पडू लागली. एकच बियाणे, एकच वर्ष. एका रकान्यात 'नाही', दुसऱ्यात 'येथे हो, युगांडात नाही'. २०१७ मध्ये रानगव्हांकडून आणलेली नवी जनुके बसवून तीच जात 'उन्नत पीबीडब्ल्यू ३४३' या नावाने पुन्हा आली. तिच्यासाठी शेवटचा रकाना अर्थातच कोरा ठेवावा लागेल.