प्रलयाचा पुरावा आणि बकलंडची कबुली

विल्यम बकलंड हा ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि ऑक्सफर्डचा भूशास्त्रज्ञ. त्याचे 'रेलिक्विए डिलुव्हियाने' (प्रलयाचे अवशेष) हे पुस्तक १८२३ साली निघाले. बायबलमधील नोआच्या, म्हणजे हजरत नूह (अ.स.) यांच्या, काळातील प्रलयाचा पुरावा जमिनीत दाखविणे हा त्याचा हेतू होता.

पुस्तकाचा गाभा आहे यॉर्कशरमधील कर्कडेलची गुहा. १८२१ साली तिथे तरस, हत्ती, गेंडे, पाणघोडे यांची हाडे सापडली. प्रलयाच्या पाण्याने ती दूर देशांतून वाहून आली, असे म्हणणे बकलंडला सोयीचे होते. पण त्याने पाहिले की गुहेचे तोंड अरुंद आहे, हाडे कुरतडलेली आहेत आणि तरसांची विष्ठाही पडलेली आहे. जिवंत तरसाने चावलेल्या हाडांवरील खुणा त्याने ताडून पाहिल्या. ही तरसांची राहती गुहा होती, प्राणी तिथल्याच परिसरातले होते! प्रलयाच्या वाट्याला उरला फक्त वरचा चिखलाचा थर. प्रलय सिद्ध करायला निघालेल्या पुस्तकाचे सर्वांत भक्कम प्रकरण असे प्रलयाचाच पुरावा कमी करते.

पुढे तो थरही गेला. १८३६ च्या ग्रंथात बकलंडने हा पुरावा नोआच्या प्रलयाचा नाही, असे मान्य केले. १८४० मध्ये लुई आगासीचा हिमनद्यांचा सिद्धांतही त्याने स्वीकारला. यात त्याचा धर्म बुडाला नाही. १८४५ साली तो वेस्टमिन्स्टरचा डीन झाला.

याउलट व्हिटकोम्ब आणि मॉरिस यांचे 'द जेनेसिस फ्लड' (१९६१). जीवाश्मांचे बहुतेक थर एका वर्षाच्या प्रलयातले, असा त्यांचा दावा. मग त्या थरांत वाळून भेगाळलेला चिखल, प्राण्यांच्या पाऊलखुणा, आटलेल्या पाण्याचे मिठाचे थर आले कुठून? इथे उत्तर आधी ठरले आहे, खडक नंतर पाहिले आहेत.

या दोन पुस्तकांतला फरक आपणही समजून घ्यायला हवा. आयतीआयतीत आधुनिक शोध दाखविणारी पुस्तके आपल्याकडेही आवडीने वाचली जातात. विज्ञानाचे मत उद्या बदलले, तर त्या वाचकाच्या ईमानचे काय? कुरआनात नौका जूदीवर थांबते. पूर साऱ्या पृथ्वीवर आला की केवळ नूह यांच्या कौमवर, याबद्दल भाष्यकारांत मतभेद आहेत. पण कथेचा रोख पाण्याच्या मोजमापावर नाही, इशारा धुडकावणाऱ्यांवर आहे. नूह यांचा मुलगा डोंगर आपल्याला वाचवील या भरवशावर राहिला आणि बुडाला. ईमानसाठी डोंगराचा आधार शोधणाऱ्यांनी त्याला आठवावे.